चंदनापुरी घाटात उणे चाळीस

मे महिन्यातली दुपार. अकोले तालुक्यातून टोमॅटो भरून निघालेली पिकअप संगमनेर ओलांडते आणि पुणे-नाशिक महामार्गावरच्या चंदनापुरी घाटाला लागते. नारायणगावच्या मार्केटमध्ये लिलावाच्या आत पोहोचायचं आहे. दुसऱ्या गिअरवर चढण चालू असताना डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो आणि गाडीचा दमच जातो. ड्रायव्हर ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबतो. इंजिनाचा आवाज होतो, पण गाडी ओढत नाही. तो कशीबशी गाडी कडेला घेतो, चावी बंद करतो, थोडा वेळ थांबतो, पुन्हा स्टार्टर मारतो. गाडी नेहमीसारखी चालू लागते. दिवा मात्र तसाच.

त्या उन्हाळ्यात या गाडीला हे पुन्हा पुन्हा झालं. कधी आठवडाभर काही नाही, कधी एकाच दिवसात दोनदा. सेन्सर बदलला, कोड परत आला. दुसरा सेन्सर बसवला, तरी परत आला. ‘कोड परत येतो’ ही तक्रार आज महामार्गावरच्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये ऐकू येते. पिकअप ही लाखो घरांची रोजीरोटी आहे. तिचा हप्ता असतो, दिवसाचं भाडं ठरलेलं असतं, आणि मागे भरलेला माल थांबायला तयार नसतो. टोमॅटोची गाडी घाटात दोन तास अडकली तर दर ड्रायव्हरसाठी थांबत नाही. म्हणून या पिवळ्या दिव्याचा प्रश्न यंत्राइतकाच पोटाचाही आहे.

हा दिवा नेमका का लागत होता, हे अखेर आळेफाट्याजवळच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये सापडलं. त्या शोधाचा बराचसा भाग मी तिथे उभा राहून पाहिला. आधीची हकिकत गाडीमालक आणि ड्रायव्हर यांनी सांगितली. एका गाडीची ही गोष्ट तपशिलात सांगावीशी वाटते, कारण आपल्याकडे गाडी दुरुस्त करण्याच्या कामात आज नेमकं काय कमी पडतंय ते तिच्यातून स्वच्छ दिसतं.

दोन कोड आणि दोन सेन्सर

पहिल्या गॅरेजमध्ये स्कॅनर लावला तेव्हा दोन कोड आले: पी ०१०८ आणि पी ०११३. या कोडना व्याकरण आहे. पहिलं अक्षर गाडीचा विभाग सांगतं. ‘पी’ म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स, ‘बी’ म्हणजे बॉडी, ‘सी’ म्हणजे चासी, ‘यू’ म्हणजे संगणकांचं आपापसातलं बोलणं. त्यापुढचं शून्य सांगतं की हा कोड सगळ्या कंपन्यांना सामाईक आहे. तिथे एक असेल तर तो त्या कंपनीचा स्वतःचा. तिसऱ्या जागेवरचा एक हवा आणि इंधनाच्या मोजमापाकडे नेतो. पी ०१०८ चा अर्थ: इनटेक मॅनिफोल्डमधल्या हवेचा दाब मोजणाऱ्या सर्किटमधून येणारा सिग्नल वाजवीपेक्षा जास्त. पी ०११३ चा अर्थ: आत येणाऱ्या हवेचं तापमान मोजणाऱ्या सर्किटचा सिग्नल वाजवीपेक्षा जास्त.

या गाडीत दाब आणि तापमान मोजणारी दोन्ही अंगं एकाच सेन्सरच्या पोटात होती. दोन्ही कोड एकाच वस्तूकडे बोट दाखवत होते. गॅरेजवाल्याने सेन्सर बदलला, कोड उडवला, गाडी रस्त्यावर आली. काही दिवस बरे गेले आणि घाटात पुन्हा तेच. दुसऱ्या गॅरेजमध्ये निदान झालं की आधीचा सेन्सर डुप्लिकेट निघाला असणार. म्हणून आणखी एक सेन्सर. तोही टिकला नाही. तिसऱ्या ठिकाणी सांगितलं गेलं, “ईसीएम गेलंय.” ईसीएम म्हणजे इंजिनाचा संगणक, गाडीतल्या सर्वांत महागड्या वस्तूंपैकी एक. तो खर्च ऐकल्यावर गाडीमालक बँकेत न जाता आळेफाट्याला आला.

पहिल्या दोन्ही गॅरेजवाल्यांना अडाणी म्हणणं अन्यायाचं होईल. स्कॅनरच्या पडद्यावर कोडखाली सेन्सरचं नाव लिहून येतं. ते नाव वाचून सेन्सर बदलणं ही अगदी स्वाभाविक कृती आहे. चूक आहे ती कोडकडून निकालाची अपेक्षा करण्यात. कोड हा तक्रारअर्ज आहे. अमुक सर्किटमधून आलेला आकडा मला पटत नाही, एवढंच संगणक लिहून देतो. सर्किटमध्ये सेन्सर असतो, कपलर असतो, दोन-तीन मीटर वायर असते, परतीची वायर म्हणजे ‘अर्थ’ असते आणि शेवटी संगणक स्वतःही असतो. गुन्हा यांपैकी कुणाचा, हे शोधायला तपास करावा लागतो.

हा दिवा आला कुठून

गाडीने स्वतःची तक्रार स्वतः नोंदवावी ही कल्पना हवेच्या काळजीतून आली. १९४३ च्या उन्हाळ्यात लॉस एंजेलिस शहरावर डोळे झोंबवणारा दाट धूर उतरला आणि पुढे वर्षानुवर्षं उतरत राहिला. तो नेमका कशाचा, हे कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या आरी हागेन-स्मिट या डच वंशाच्या रसायनशास्त्रज्ञाने उलगडलं. अननसाच्या स्वादाचं रसायन अभ्यासणारा हा माणूस. त्याने दाखवून दिलं की गाड्यांच्या आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या धुरातली हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं उन्हात एकमेकांवर क्रिया करतात आणि हा धूर जन्माला येतो. पुढे कॅलिफोर्नियाने हवेसाठी स्वतंत्र मंडळ नेमलं आणि हागेन-स्मिट त्याचे पहिले अध्यक्ष झाले.

नवी गाडी कारखान्यातून निघताना स्वच्छ असते. पाच वर्षांनी तिचं काय होतं, हा त्या मंडळापुढचा खरा प्रश्न होता. प्रत्येक गाडी प्रयोगशाळेत आणून तपासणं अशक्य. मग गाडीतल्या संगणकालाच पहारेकरी करायचं ठरलं. १९८८ च्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियात अशी सोय सक्तीची झाली. त्या वेळी प्रत्येक कंपनीचा प्लग वेगळा आणि कोडही वेगळे. १९९६ पासून अमेरिकेतल्या सगळ्या नव्या मोटारींना एकच १६ पिनांचा प्लग आणि एकच कोडभाषा आली. आज आपल्या पिकअपच्या स्टिअरिंगखाली जो प्लग असतो, तो याच घराण्यातला.

भारतात चारचाकी गाड्यांना ही व्यवस्था भारत स्टेज ४ या धुराच्या नियमांबरोबर आली. १ एप्रिल २०१० पासून पहिला टप्पा आणि १ एप्रिल २०१३ पासून दुसरा, अधिक कडक. १ एप्रिल २०१७ ला भारत स्टेज ४ सगळ्या देशात लागू झालं. मग पाचवा टप्पा गाळून १ एप्रिल २०२० पासून थेट भारत स्टेज ६. पुण्यात १९६६ पासून असलेल्या ‘एआरएआय’सारख्या मोटार-संशोधन संस्थांमध्ये या नियमांच्या चाचण्या होतात, आणि त्यांचे परिणाम तिथून शंभरएक किलोमीटरवर चंदनापुरी घाटात दिसतात. एका दशकात आपल्या मालगाड्या डिझेल पंपाच्या स्क्रूवरून संगणकाच्या आज्ञेवर गेल्या. मेस्त्री मात्र तेच राहिले. जे शिकले ते आपल्या हिमतीवर शिकले.

अर्धा व्होल्ट ते साडेचार व्होल्ट

आळेफाट्याच्या मेस्त्रींनी आधी पाटीवर चित्र काढून मला सर्किट समजावलं. ते मेकॅनिक डिझेल या ट्रेडचा आयटीआय करून आलेले, पण वायरिंगचं काम एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनच्या हाताखाली शिकलेले.

टर्बो डिझेल इंजिनात सिलिंडरमध्ये किती हवा शिरली हे कळल्याशिवाय किती डिझेल सोडायचं हे ठरवता येत नाही. हवा कमी आणि डिझेल जास्त झालं की काळा धूर. म्हणून मॅनिफोल्डवर दाबाचा सेन्सर. त्याच्या आत सिलिकॉनचा पातळ पडदा असतो. हवेच्या दाबाने तो वाकतो, वाकला की त्याचा विद्युत रोध बदलतो आणि त्यातून सिग्नल तयार होतो. संगणक सेन्सरला ५ व्होल्ट देतो. सेन्सर परत जे व्होल्ट पाठवतो ते साधारण अर्धा ते साडेचार यांच्या दरम्यान असतात.

शून्य ते पाच अशी सगळी पट्टी का वापरत नाहीत? यातच सगळी खुबी आहे. दोन्ही टोकांना मोकळी जागा मुद्दाम सोडलेली असते. सेन्सर धडधाकट असेल तर तो कधीच शून्यावर किंवा पाचावर जाणार नाही. तिथे आकडा दिसला की संगणक ओळखतो की हा हवेचा दाब नव्हे, हा वायरिंगचा बिघाड आहे. सिग्नल शून्याला टेकला तर कोड ‘लो’चा, पाचाला टेकला तर ‘हाय’चा. सेन्सरची अर्थ तुटली की सिग्नलला खाली यायची वाट राहत नाही आणि तो पाचाकडे चढतो.

तापमानाचं अंग आणखी साधं. थंडीत त्याचा रोध वाढतो, उष्णतेत कमी होतो. वायर तुटली की रोध अनंत, म्हणजे संगणकाच्या हिशेबात अतोनात थंडी. स्कॅनरकडे तापमान पाठवताना ० ते २५५ मधला एक आकडा जातो आणि त्यातून ४० वजा केले जातात. म्हणून या मोजपट्टीचा तळ उणे ४० अंश सेल्सियस आहे. तुटलेली वायर त्या तळाशी जाऊन बसते.

त्या एका कपलरमध्ये चार वायरी होत्या. पाच व्होल्टचा पुरवठा, दाबाचा सिग्नल, तापमानाचा सिग्नल आणि चौथी अर्थ. ही अर्थ दाब आणि तापमान या दोघांना सामाईक. मेस्त्रींनी पाटीवरच्या चौथ्या रेघेवर खडू ठेवला आणि म्हणाले, “दोन्ही सिग्नल एकाच क्षणी वर जात असतील, तर दोघांचं मिळून जे एक आहे तिथं आधी बघायचं.”

तपास

गाडी आली त्या दिवशी मेस्त्रींनी स्कॅनर लगेच लावला नाही. आधी ड्रायव्हरला बसवून घेतलं.

“लाइट लागते तवा गाडी भरलेली असती का रिकामी?”

“भरलेली. रिकामी असली की काय होत नाय.”

“सपाटीला का चढाला?”

“घाटातच, मेस्त्री. दुसऱ्या गिअरला जोर दिला की.”

“पावसात, धुतल्यावर?”

“धुवून आणली तरी काय नव्हतं.”

“या आधी इंजिनाचं काय काम केलं होतं?”

यावर गाडीमालक म्हणाले, “क्लच प्लेट टाकली होती, दिवाळीच्या सुमारास.”

मेस्त्रींनी हे एका वहीत लिहून घेतलं. मग स्कॅनर लावला, पण कोड उडवला नाही. कोड नोंदवताना संगणक त्या क्षणाची स्थितीही साठवून ठेवतो. तिला फ्रीझ फ्रेम म्हणतात. तक्रारअर्जाला जोडलेला हा पंचनामाच. कोड उडवला की तोही जातो. आधीच्या प्रत्येक गॅरेजमध्ये तो गेला होता. या वेळी मालकाने फोनवरच विचारलं होतं आणि मेस्त्रींनी बजावलं होतं की येईपर्यंत कुणालाही कोड उडवू देऊ नका.

पंचनाम्यात लिहिलेलं असं होतं: वेग ताशी २० किलोमीटरच्या आसपास, इंजिनाचे फेरे मिनिटाला २,३०० च्या घरात, लोड ९० टक्क्यांच्या वर, पाण्याचं तापमान ८८ अंश. आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान उणे ४०. मे महिन्याच्या दुपारी, चंदनापुरी घाटात.

पुढची पायरी सेन्सरची साक्ष तपासण्याची. चावी ऑन, इंजिन बंद. या स्थितीत मॅनिफोल्डमध्ये बाहेरचीच हवा असते, म्हणून सेन्सर हवामानखात्याच्या दाबमापकासारखा वागला पाहिजे. समुद्रकाठी तो सुमारे १०१ किलोपास्कल दाखवेल. जुन्नर-आळेफाटा भागातल्या सहाशे-सातशे मीटर उंचीच्या पठारावर ९३ ते ९५. स्कॅनरवर आकडा आला ९४. तापमान दाखवत होता ३९ अंश, भर उन्हात उभ्या गाडीला शोभणारं. सेन्सर जिवंत होता आणि खरं बोलत होता. या एका मिनिटाच्या तपासणीने सेन्सरवरचा संशय जवळजवळ संपला. पहिल्या दोन गॅरेजांत ती झाली असती तर दोन सेन्सरचे पैसे वाचले असते.

मग कपलर काढून बॅटरीच्या उजेडात आत नजर टाकली. हिरवट गंज नाही, पिना सरळ. मल्टिमीटरने पुरवठा मोजला: पाचाच्या जवळपास. अर्थच्या वायरीची सलगता तपासली तर मीटरने बीप दिला. इथे बरेच जण थांबतात. वायर सलग आहे असं मीटर सांगतं आणि मग ईसीएमवर शिक्का बसतो. मेस्त्री थांबले नाहीत. गाडी उभी आहे, इंजिन शांत आहे, तुटलेली टोकं या क्षणी एकमेकांना टेकलेली असू शकतात, हे त्यांच्या मनात होतं. बिघाड जोर दिल्यावर होतो, तर तपासणीही जोर देऊनच व्हायला हवी.

इंजिन चालू केलं. मदतनीस मुलाला स्कॅनरवर दाब आणि तापमान दोन्हींचा आलेख लावून बसवलं. मेस्त्रींनी सेन्सरच्या कपलरपासून सुरुवात करून वायरिंगचा गठ्ठा बोटांनी एक-एक वीत हलवत नेला. कपलरपाशी काही नाही. रॉकर कव्हरच्या कडेला काही नाही. इंजिनावरून बॉडीच्या पत्र्याकडे जिथे गठ्ठा झेप घेतो, तिथे त्यांनी तो किंचित ओढला. मुलगा ओरडला, “उणे चाळीस!” त्याच क्षणी दाबाची रेघही वरच्या टोकाला चिकटली होती. सोडलं की दोन्ही जागेवर. पुन्हा ओढलं, पुन्हा उणे चाळीस. पिवळा दिवा लागला आणि या वेळी गाडी वर्कशॉपमध्येच उभी होती.

आता शेवटची सिद्धता बाकी होती. त्यांनी सेन्सरच्या अर्थपिनेपासून ईसीएमच्या सेन्सर-अर्थच्या पिनेपर्यंत एक तात्पुरती समांतर वायर टाकली. गठ्ठा ओढला तरी आकडे ढळले नाहीत. वायर काढली की पुन्हा ढळले. मेस्त्रींचं म्हणणं असं की बिघाड मुद्दाम आणता आला आणि मुद्दाम घालवता आला, तरच निदान झालं म्हणायचं. एरवी तो अंदाज. वीस वर्षांपूर्वी गुरूने शिकवलेला हा नियम त्यांनी मला दोनदा ऐकवला.

वायर का तुटली

गठ्ठ्यावरची टेप सोडली तेव्हा कारण डोळ्यांसमोर आलं. बाहेरून वायरीचं आवरण शाबूत. आत तांब्याचे तंतू एक सोडून सगळे तुटलेले.

क्लचच्या कामात गिअरबॉक्स उतरवावा लागतो. त्या वेळी गठ्ठा धरणारी प्लास्टिकची मूळ क्लिप तुटली असणार. तिच्या जागी कुणीतरी केबल टाय आवळून गठ्ठा पत्र्याच्या ब्रॅकेटला बांधला, आणि बांधताना ढील ठेवली नाही. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं. जोर लागला की ते एका बाजूला कलतं. खालच्या गिअरमध्ये भरलेली गाडी चढवताना हा कल सर्वांत जास्त. त्यात एक माउंटिंग दबलेलं. प्रत्येक घाटात इंजिन कलत होतं, बांधलेला गठ्ठा ताणला जात होता, आणि त्याच ठिकाणी वाकून-वाकून तांबं थकत गेलं. रिकाम्या गाडीत ताण कमी, म्हणून तेव्हा कोड नाही. ड्रायव्हरने पहिल्या पाच मिनिटांत दिलेली उत्तरं शेवटी अक्षरशः खरी ठरली.

ताकद का जात होती, याचंही उत्तर त्यातच. हवा किती आहे हे कळेनासं झालं की संगणक जपून वागतो. टर्बोचा दाब मर्यादित करतो, डिझेल कमी सोडतो आणि इंजिन वाचवतो. गॅरेजमध्ये याला ‘लिम्प मोड’ म्हणतात. घाटात तो ड्रायव्हरच्या जिवावर येतो, हे खरं. पण टर्बो आणि पिस्टन जाण्यापेक्षा तो बरा.

दुरुस्तीतही घाईची एक वाट होती: अर्थची वायर जवळच्या पत्र्याला मारून टाकायची. मेस्त्रींनी ती नाकारली. सेन्सरची अर्थ संगणकाने स्वतःकडे वेगळी राखलेली असते. स्टार्टर, ग्लो प्लग, पंखा यांचा मोठा करंट बॉडीतून वाहतो तेव्हा पत्र्याच्या दोन टोकांत थोडा व्होल्टेजचा फरक पडतो, आणि सेन्सरच्या सिग्नलमध्ये तेवढा फरकही आकडा चुकवतो. पत्र्याला जोडलेला सेन्सर आज चालेल, उद्या आणखी गूढ कोड देईल. म्हणून खराब तुकडा कापून त्याच जाडीची नवी वायर, दाबून बसवलेले क्रिम्प, वर गोंदाची उष्णतेने आवळणारी नळी. नुसतं कथील त्यांनी टाळलं. ते वायरीत मुरतं, तेवढा भाग ताठ होतो आणि थरथरीने त्याच्या कडेला नवा तडा जातो. गठ्ठ्याला ढील दिली, योग्य क्लिप लावली, दबलेलं माउंटिंग बदललं. मग गाडी माल भरून त्याच घाटात नेली, मदतनीस शेजारी स्कॅनर घेऊन. दोन्ही रेघा वरपर्यंत शहाण्यासारख्या चालल्या.

सेन्सर खरं बोलतो तेव्हा

या गाडीत सर्किट खोटं बोलत होतं. कित्येक गाड्यांमध्ये याच्या उलट असतं. पी ००८७ म्हणजे कॉमन रेलमध्ये, इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीत, डिझेलचा दाब कमी. इथे रेलचा सेन्सर बहुधा खरं सांगत असतो आणि दोष चोंदलेल्या डिझेल फिल्टरचा, हवा ओढणाऱ्या पाइपचा किंवा झिजलेल्या पंपाचा असतो. पी ०२९९ म्हणजे टर्बोचा दाब कमी. इंटरकूलरची चिरलेली नळी शोधायची सोडून दाबाचा सेन्सर बदलला तर पैसे पाण्यात.

भारत स्टेज ६ च्या गाड्यांत काजळी पकडणारा फिल्टर आला आणि त्याबरोबर पी २४६३: फिल्टरमध्ये काजळी साठली. ही काजळी सुमारे ६०० अंशांवर जाळून टाकावी लागते आणि त्यासाठी गाडी काही काळ सलग, बऱ्यापैकी वेगाने चालायला हवी. गल्लोगल्ली दूध नाहीतर गॅस सिलिंडर पोहोचवणारी गाडी ती संधी देत नाही. ड्रायव्हर मध्येच चावी बंद करतो, जाळणं अर्धवट राहतं, कोड परत येतो. हा कोड गाडीच्या दिनक्रमाबद्दल बोलतो आहे. त्यावर उपाय हायवेवरची एक लांब फेरी आणि ड्रायव्हरला दिलेली नीट माहिती. कधी फिल्टरच्या दोन बाजूंचा दाब मोजणाऱ्या सेन्सरची रबरी नळीच फाटलेली असते. शेतमाल ठेवलेल्या शेडमध्ये रात्री उभ्या गाड्यांच्या वायरी उंदीर कुरतडतात. प्रेशर पंपाने इंजिन धुतल्यावर कपलरमध्ये पाणी राहतं. जादा लाइट आणि म्युझिकसाठी कुणीतरी भलत्याच वायरीला टॅप मारलेला असतो.

म्हणून तपासाचा पहिला प्रश्न नेहमी हाच: हा कोड सर्किटबद्दल आहे की इंजिनाच्या स्थितीबद्दल? आणि दुसरा: चावी ऑन, इंजिन बंद असताना आकडे बाहेरच्या जगाशी जुळतात का? रात्रभर उभ्या गाडीत पाण्याचं, हवेचं आणि डिझेलचं तापमान सकाळी जवळपास सारखंच दिसायला हवं. रेलचा दाब शून्याजवळ, मॅनिफोल्डचा दाब त्या गावच्या हवेइतका. यासाठी महाग स्कॅनर लागत नाही. स्वस्त स्कॅनर, साधा मल्टिमीटर आणि बारा व्होल्टचा टेस्ट लॅम्प एवढ्यावर बहुतेक तपास होतो. लागतं ते सर्किटचं चित्र आणि विचार करायला वेळ.

विचाराची मजुरी

या दोन्ही गोष्टी महामार्गावरच्या मेस्त्रीला सहज मिळत नाहीत.

सर्किटचं चित्र कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपकडे असतं. बाहेरच्या मेस्त्रीला ते कुठल्यातरी मित्राच्या मोबाइलवरून, अस्पष्ट फोटोच्या रूपात मिळतं. हा प्रश्न देशाच्या कायद्यापुढेही आलेला आहे. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग, निदानाची उपकरणं आणि तांत्रिक माहिती स्वतंत्र गॅरेजांना मिळू दिली जात नाही, हा आयोगाचा ठपका होता. प्रकरण पुढे न्यायालयांत गेलं. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली. तिने निवडलेल्या क्षेत्रांत शेतीची अवजारं आणि वाहनंही होती. हक्काची भाषा कागदावर आली, हे चांगलं झालं. ती खरी ठरेल ती आळेफाट्याच्या मेस्त्रीला त्या पिकअपचं सर्किट मराठीत, वाजवी पैशांत आणि उघडपणे मिळेल तेव्हा. कोडभाषा हवेच्या भल्यासाठी सगळ्यांना सामाईक केली गेली. कोडच्या मागचं सर्किट मात्र कुलपात राहिलं, तर त्या भाषेचा अर्धा उपयोग वाया जातो.

दुसरी गोष्ट वेळ. ती मात्र आपल्या, म्हणजे गाडी वापरणाऱ्यांच्या हातात आहे. गाडीमालकाने बिल पाहिलं तेव्हा क्षणभर त्यांचा चेहरा बदलला. त्यात वायरीचे आणि क्रिम्पचे पैसे किरकोळ होते. माउंटिंगचे थोडे. सर्वांत मोठी ओळ होती ‘तपासणी’. “मेस्त्री, वायर तर हातभर,” ते म्हणाले. मेस्त्रींनी वही पुढे केली. विचारलेले प्रश्न, मोजलेले आकडे, घाटातली चाचणी, सगळं तारखेनिशी लिहिलेलं. मालकाने वाचलं आणि पैसे दिले. आधी बदललेल्या दोन सेन्सरवर ते याहून जास्त खर्च करून आले होते, आणि ते पैसे देताना कुरकुर केली नव्हती. वस्तू हातात दिसते, तिचे पैसे द्यायला आपल्याला अडचण वाटत नाही. दोन तासांचा विचार दिसत नाही.

याचा परिणाम साऱ्या व्यवसायावर होतो. तपासणीला पैसे मिळत नसतील तर मेस्त्री पार्ट विकूनच पोट भरणार. मग कोड वाचायचा आणि पार्ट टाकायचा, हीच रीत बनते. सुस्थितीतले सेन्सर भंगारात जातात, गाड्या काळा धूर सोडत फिरतात, ज्या हवेसाठी हे सगळं उभं राहिलं ती हवाच खराब होते. हुशार मुलगा या कामात टिकत नाही, कारण त्याच्या हुशारीला दर नाही.

म्हणून पिकअपचा दिवा लागला की गाडीमालकाने चार गोष्टी कराव्यात असं मी मनापासून सांगेन. कोड कुणालाही आधी उडवू देऊ नये. कोडबरोबर फ्रीझ फ्रेमचाही फोटो काढून ठेवावा. दिवा कधी लागतो ते ड्रायव्हरला विचारून लिहून ठेवावं: गाडी भरलेली की रिकामी, चढ की सपाटी, कुठला गिअर, किती पाऊस, आधी कुठलं काम केलेलं. आणि पार्ट बदलण्याआधी मेस्त्रीला विचारावं, “हाच खराब आहे, हे कसं तपासलंत?” ज्याच्याकडे या प्रश्नाचं उत्तर आहे, त्याला तपासणीचे पूर्ण पैसे द्यावेत. मेस्त्रींनीही संकोच सोडून बिलात ही ओळ वेगळी लिहावी आणि तिच्यामागची वही दाखवावी. आयटीआयच्या अभ्यासक्रमात इंजिन खोलण्याइतकेच तास सर्किट वाचायला आणि तुटलेली वायर शोधायला मिळावेत. मुद्दाम बिघडवलेल्या गाडीवर मुलांनी निदान करून दाखवावं आणि त्यावरच त्यांना गुण द्यावेत.

सेन्सर यापुढे वाढतच जातील. विजेवरच्या मालगाड्या रस्त्यावर आल्या आहेत, आणि त्यांत तर बॅटरीच्या प्रत्येक कप्प्याचं तापमान आणि व्होल्टेज संगणक क्षणोक्षणी पाहतो. तिथेही वायर तुटेल, कपलर सैल होईल, आणि पडद्यावर भलत्याच वस्तूचं नाव येईल. तेव्हा कामाला येईल तो थांबून विचार करणारा, आकडा जगाशी ताडून पाहणारा माणूस. असा माणूस आपल्या प्रत्येक नाक्यावर हवा असेल, तर त्याच्या विचाराची मजुरी आजपासून द्यायला हवी.